आठाचा आकडा

जुलै १७७७ मध्ये लंडनच्या गिल्डहॉलमध्ये जॉन हॉर्न नावाच्या एका माजी धर्मोपदेशकावर खटला चालला. दोन वर्षांपूर्वी त्यानं वर्तमानपत्रांत एक निवेदन छापून आणलं होतं. लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्ड इथे राजाच्या सैनिकांनी ज्या अमेरिकनांचा खून केला त्यांच्या विधवांसाठी, पोरक्या मुलांसाठी आणि म्हाताऱ्या आईबापांसाठी वर्गणी गोळा करायची, असा त्याचा आशय होता. सरकारला 'खून' हा शब्द झोंबला. न्यायाधीश होता लॉर्ड मॅन्सफील्ड. हॉर्नला वर्षभराची कैद आणि दोनशे पौंड दंड झाला. पुढे वाद वरच्या पायरीवर गेला तेव्हा तो घटनेपेक्षा आरोपपत्राच्या शब्दरचनेवर जास्त रंगला. एखादं 'दॅट' वाक्यात आहे की नाही, त्यानं पुढचं विधान मागच्याला नेमकं कसं जोडलं जातं, 'ऑफ' आणि 'कन्सर्निंग' यांचा अर्थ किती ताणायचा, अशा मुद्द्यांवर कायदेपंडित भांडत होते. हॉर्ननं आपला वकील जॉन डनिंग याला एक लांबलचक पत्र लिहिलं आणि १७७८ मध्ये ते छापलं. दोन शब्दयोगी अव्ययं आणि एक उभयान्वयी अव्यय यांनी आपला बळी घेतला, ही त्याची तक्रार त्या पत्राच्या मुळाशी होती.

आपण या माणसाला हॉर्न टूक या नावानं ओळखतो. टूक हे आडनाव त्यानं १७८२ मध्ये एका स्नेह्यावरून घेतलं. ज्या इवल्या शब्दांनी त्याला गोवलं ते मुळात आहेत तरी काय, याचा त्यानं ध्यास घेतला. नाऊन म्हणजे काय, कन्जंक्शन म्हणजे काय, हे आपण शाळेत पाठ करून मोकळे होतो. त्या काळच्या इंग्लंडमध्ये मात्र हा धगधगता प्रश्न होता. त्याचं उत्तर व्याकरणकारांकडे होतं, पण ते त्यांनी स्वतः शोधलेलं नव्हतं. ते वारशानं आलेलं होतं, आणि आकड्यासकट आलेलं होतं.

तो आकडा आठ. इसवीसनापूर्वी शंभरच्या सुमारास अलेक्झांड्रियात डायोनिशियस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या छोट्याशा ग्रीक व्याकरणात शब्दांच्या आठ जाती सांगितल्या आहेत: नाम, क्रियापद, धातुसाधित, आर्टिकल, सर्वनाम, शब्दयोगी, क्रियाविशेषण आणि उभयान्वयी. विशेषणाला यात वेगळी जागा नाही, ते नामाच्याच पोटात आहे. केवलप्रयोगीही नाही. रोमन पंडितांनी हे व्याकरण लॅटिनसाठी घेतलं तेव्हा एक अडचण उभी राहिली. लॅटिनमध्ये आर्टिकल नाहीच! सातावर थांबणं सरळ होतं. पण आठाचा आकडा मोडायला कोणी धजावलं नाही. क्रियाविशेषणांत पडून असलेले हाय, अरेरे, वाहवा यांसारखे उद्गार बाहेर काढून त्यांची स्वतंत्र जात केली आणि आठ पुरे केले. चौथ्या शतकात रोममध्ये डोनाटसनं याच आठांवर प्रश्नोत्तरांची चिमुकली पोथी लिहिली. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्रिस्कियननं अठरा भागांचा महाग्रंथ रचला. पुढची हजार वर्षं युरोपातली मुलं या दोघांच्या हाताखाली शिकली.

इंग्रजी मातीत हे आठ लवकर पोचले. इसवीसन १००० च्या सुमारास एल्फ्रिक नावाच्या भिक्षूनं मठातल्या मुलांसाठी लॅटिनचं व्याकरण लिहिलं. ते त्यानं त्या मुलांच्या बोलीत, म्हणजे जुन्या इंग्रजीत लिहिलं. तरी विषय लॅटिनच होता. इंग्रजीला स्वतःचं व्याकरण असू शकतं हा विचार सुचायला आणखी सहा शतकं जावी लागली.

दरम्यान भाषाच बदलून गेली. एल्फ्रिकच्या काळी इंग्रजी शब्द प्रत्यय घेऊन चालायचे. कर्ता कोण आणि कर्म कोण, हे शब्दाच्या शेपटीवरून कळायचं, अगदी लॅटिनसारखं. पुढे नॉर्मन लोकांचं राज्य आलं, त्याआधीच उत्तरेत डेन लोकांशी सरमिसळ झाली होती, शब्दांचे शेवट उच्चारात बोथट होत गेले आणि प्रत्यय गळून पडले. कोणाचं काम काय, हे सांगायची जबाबदारी शब्दाच्या जागेवर आली. 'राउंड' हाच शब्द बघा. टेबलाला लावला तर विशेषण, मुष्टियुद्धातली एक फेरी म्हटली तर नाम, 'राउंड द हाउस' म्हटलं तर शब्दयोगी, 'गो राउंड' म्हटलं तर क्रियाविशेषण, आणि जहाज भूशिराला वळसा घालतं तेव्हा क्रियापद. शब्दाच्या अंगावर कसलीही खूण नाही. शेजारीपाजारी कोण आहे यावरून त्याची जात ठरते. लॅटिनमध्ये शब्द कुठेही ठेवला तरी त्याची ओळख त्याच्याबरोबर असते. अशा दोन भाषांना एकच व्याकरण लावायचं ठरलं.

आठव्या हेन्रीनं १५४० च्या दशकात विल्यम लिली याच्या नावानं ओळखलं जाणारं लॅटिन व्याकरण सगळ्या इंग्लंडच्या शाळांसाठी एकमेव म्हणून ठरवून दिलं. शेक्सपिअर त्याच पुस्तकावर शिकला असं मानतात. 'द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर'मध्ये विल्यम नावाच्या पोराची लॅटिनची परीक्षा घेतली जाते तो प्रवेश थेट या पुस्तकातून उचललेला आहे. पुढे १५८६ मध्ये विल्यम बुलोकर यानं इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण काढलं, ते लिलीच्याच साच्यात. बुलोकरची तळमळ मला खरी वाटते. इंग्रजी ही बेशिस्त, गावंढळ बोली आहे, तिला नियम नाहीत, असं विद्वान सर्रास म्हणत होते आणि त्याला ते खोडून काढायचं होतं. लॅटिनला आठ जाती आहेत ना, मग आमच्याही भाषेला आठ आहेत, हा त्याचा पुरावा. भाषेची इज्जत राखण्यासाठी त्यानं तिला परकी वस्त्रं चढवली. इज्जत राहिली, पण अंगाचा आकार झाकला गेला.

नाटककार बेन जॉन्सननंही इंग्रजीचं व्याकरण लिहायला घेतलं होतं. १६२३ मध्ये त्याच्या घराला आग लागली आणि ते हस्तलिखित जळालं. त्यानं पुन्हा लिहिलेलं व्याकरण मृत्यूनंतर १६४० मध्ये छापून आलं. त्यात एक धीट पाऊल आहे. लॅटिनचे आठ ठेवून जॉन्सननं नववी जात जोडली, आर्टिकलची. रोमनांनी जे ग्रीकमधून गाळलं होतं ते इंग्रजीत 'अ' आणि 'द'च्या रूपानं ढळढळीत समोर होतं. ते नाकारायचं कसं?

त्याच १६४० मध्ये गोव्यात, साष्टीतल्या राशोलच्या छापखान्यात, आणखी एका इंग्रजाचं व्याकरण छापलं जात होतं. 'क्रिस्तपुराण' लिहिणारा फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये वारला. त्यानं पोर्तुगीज भाषेत लिहिलेलं कोंकणीचं व्याकरण त्याच्या मागं सहकाऱ्यांनी भर घालून प्रसिद्ध केलं. त्याचाही साचा लॅटिन. ज्या पिढीला लिलीचं पुस्तक शाळेत सक्तीचं होतं त्या पिढीतला हा माणूस. लंडनमध्ये इंग्रजी आणि राशोलला कोंकणी, दोन्ही भाषा एकाच वर्षी एकाच मापाच्या अंगरख्यात छापल्या गेल्या.

इंग्लंडमध्ये पहिला खणखणीत आक्षेप घेतला तो एका गणितज्ञानं. जॉन वॉलिस ऑक्सफर्डला भूमितीचा प्राध्यापक होता. अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह त्यानंच रूढ केलं. १६५३ मध्ये त्यानं इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. परदेशी वाचकांसाठी असल्यानं ते लॅटिनमध्ये होतं, पण त्यात त्यानं बजावलं की आधीच्या मंडळींनी इंग्रजीला लॅटिनच्या साच्यात कोंबून नसते नियम पैदा केले आहेत. इंग्रजी नामांना लॅटिनसारख्या विभक्ती नाहीत. जे काम तिथे प्रत्यय करतात ते इथे 'ऑफ', 'टू', 'फ्रॉम' असे छोटे शब्द करतात. समोर जे आहे तेच मोजायचं, ही गणितज्ञाची सवय त्याला उपयोगी पडली.

त्यानंतरची शंभर वर्षं इंग्लंडमध्ये या आकड्याची ओढाताण चालली. मला हा काळ सगळ्यात जिवंत वाटतो. १७११ मध्ये लंडनमध्ये जॉन ब्राइटलंड याच्या नावानं निघालेल्या व्याकरणानं आठ-नऊ सगळं बाजूला सारून चारच जाती सांगितल्या: नावं, गुण, क्रिया सांगणारे शब्द आणि उरलेले बारके शब्द. हे पुढे नेलं न्यूकॅसलच्या ॲन फिशरनं. ती मुलींना शिकवायची. १७४५ मध्ये तिनं 'अ न्यू ग्रॅमर' काढलं आणि मुखपृष्ठावर नाव घातलं नुसतं 'ए. फिशर'. लेखक स्त्री आहे हे वाचणाऱ्याला कळू नये अशीच ती सोय दिसते. तिनं चार जाती ठेवल्या आणि साधी, मुलांना समजणारी नावं वापरली. इंग्रजी शिकायला आधी लॅटिन यावं लागतं, हेच तिला मान्य नव्हतं. तिच्या विद्यार्थिनींना लॅटिनच्या शाळेचं दार बंद होतं, त्यामुळे तिच्यासाठी हा रोजच्या वर्गातला प्रश्न होता. आणखी एक गोष्ट तिनं केली आणि ती आजवर टिकली आहे. मुद्दाम चुकीची वाक्यं देऊन मुलांना ती सुधारायला लावायची! 'खालील वाक्ये शुद्ध करा' या आपल्या परिचयाच्या प्रश्नाची ती आद्य जननी म्हणावी लागेल. तिच्या पुस्तकाच्या तीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. व्याकरणाच्या इतिहासात तिचं नाव मात्र फार उशिरा आलं.

मग १७६१ आणि १७६२ ही लागोपाठची दोन वर्षं. पहिल्या वर्षी जोसेफ प्रीस्टलीचं व्याकरण आलं. हा तोच प्रीस्टली, ज्यानं पुढे १७७४ मध्ये ऑक्सिजन वायू वेगळा काढला. तेव्हा तो नँटविच गावात शाळा चालवत होता. त्यानं आठाचा आकडा ठेवला, पण आतली माणसं बदलली. धातुसाधिताला वेगळं घर नाकारलं आणि नामाच्या पोटातलं विशेषण बाहेर काढून स्वतंत्र केलं. विशेषणाला इंग्रजीत अनेकवचन नाही, विभक्ती नाही, ते नामासारखं वागतच नाही, हे इतक्या पिढ्यांना दिसत असून कोणी नेटानं मांडलं नव्हतं असं नाही. पण ते शालेय पुस्तकात रुळायला ही वेळ यावी लागली. दुसऱ्या वर्षी रॉबर्ट लाउथचं पुस्तक आलं, सुरुवातीला निनावी. लाउथ हिब्रू काव्याचा जाणकार, पुढे लंडनचा बिशप. त्यानं नऊ जाती मानल्या: प्रीस्टलीच्या आठ आणि आर्टिकल. प्रीस्टली लोक काय बोलतात ते बघायचा आणि रूढी हेच प्रमाण मानायचा. लाउथनं तळटिपांतून शेक्सपिअर, मिल्टन, स्विफ्ट, पोप अशा थोरांच्या चुका काढल्या. बाजारात जिंकला लाउथ. आपली चूक होईल या धास्तीत असलेल्या नवश्रीमंत मध्यमवर्गाला निर्णय हवा होता, निरीक्षण नको होतं.

या सगळ्यावर हॉर्न टूकनं १७८६ मध्ये घाव घातला. तुरुंगात सुरू झालेला विचार वाढत जाऊन 'द डायव्हर्शन्स ऑफ पर्ली' हा संवादरूप ग्रंथ झाला. त्याचं म्हणणं असं की खऱ्या अर्थानं आवश्यक जाती दोनच, नाम आणि क्रियापद. बाकी सगळे शब्द हे याच दोघांचे झिजलेले, आखूड झालेले अवशेष, बोलण्याचा वेग वाढवण्यासाठी केलेली काटकसर. 'इफ' म्हणजे मुळात 'गिव्ह', अशा व्युत्पत्त्या त्यानं शेकड्यानं दिल्या. त्यातल्या कितीतरी पुढच्या भाषाशास्त्रानं चुकीच्या ठरवल्या, 'इफ'ची तर नक्कीच. तरी एका पिढीवर त्यानं मोहिनी घातली. ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं त्या बारक्या शब्दांच्या मागं इतिहास असतो हे त्यानं लोकांना पटवलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत कलकत्त्यात विल्यम जोन्सनं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका मुळाच्या भाषा आहेत असं सांगणारं भाषण केलं. त्याच संस्कृतच्या व्याकरणात पदांचे सुबन्त (नामाचे प्रत्यय घेणारी) आणि तिङन्त (क्रियापदाचे प्रत्यय घेणारी) असे दोनच वर्ग पाणिनीनं मानले होते, हे टूकच्या गावीही नव्हतं. दोघांचा आकडा एक असला तरी पाया निराळा. पाणिनी शब्दाचा शेवट पाहत होता, टूक शब्दाचा उगम शोधत होता.

इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या डोक्यांनी चार, दोन, आठ, नऊ असे आकडे मांडले, आणि अखेर शिक्का बसला तो नव्यानं काही न शोधणाऱ्या माणसाचा. लिंडली मरे १७४५ मध्ये पेनसिल्व्हेनियात जन्मला. वडील न्यूयॉर्कमधले बडे व्यापारी; मॅनहॅटनमधली मरे हिल ही वस्ती याच घराण्याच्या नावानं ओळखली जाते. मुलगा क्वेकर पंथाचा, आधी वकील, मग व्यापारी. स्नायूंचं दुखणं जडलं, पाय साथ देईनात, म्हणून १७८४ मध्ये तो बायकोसह इंग्लंडला आला आणि यॉर्कजवळ होल्गेट इथे राहिला. यॉर्कमध्ये क्वेकर मुलींची एक शाळा होती. तिथल्या शिक्षिकांना इंग्रजीचं व्याकरण धड येत नव्हतं. त्यांनी मरेला शिकवण्याची आणि मग पुस्तक लिहून देण्याची गळ घातली. १७९५ मध्ये 'इंग्लिश ग्रॅमर' निघालं. बराचसा मजकूर लाउथचा, नऊ जाती लाउथच्याच. मरेनं ते लपवलं नाही. आपलं काम संकलनाचं आहे, असं तो म्हणे. मोठ्या टाइपात नियम, बारीक टाइपात खुलासा, म्हणजे लहान मुलानं मोठा टाइप पाठ करावा आणि थोराड मुलानं बारीकही वाचावा. दोन वर्षांत स्वाध्यायांचं वेगळं पुस्तक, त्याची उत्तरं आणि संक्षिप्त आवृत्तीही आली. खुर्चीला खिळलेल्या या माणसानं मिळालेला पैसा धर्मादायाला दिला आणि १८२६ मध्ये तो वारला. तोवर त्याचं नाव हेच व्याकरणाचं दुसरं नाव झालं होतं. 'मोबी डिक'मध्ये जहाजावरचा पोरगा क्रियापद चालवायला लागतो तेव्हा हा मरेचं व्याकरण घोकतोय, असं खलाशालाही वाटतं.

मरेचा विजय मला फिशर किंवा वॉलिसवर झालेला अन्याय वाटतो, तरी त्याची दुसरी बाजू नाकारता येत नाही. विल्यम कॉबेट हा शेतकऱ्याचा पोर, दिवसाला सहा पेन्सवरचा शिपाई. त्यानं लाउथचं व्याकरण हातानं उतरवून काढलं, पाठ केलं आणि पहाऱ्यावर उभा असताना ते मनात म्हणत राहिला. त्या काळी मताधिकार मागणारे कामकऱ्यांचे अर्ज संसदेत भाषा असभ्य म्हणून बाजूला सारले जात. कॉबेटनं १८१८ मध्ये स्वतःचं व्याकरण काढलं, मुलाला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात, आणि ते खास करून सैनिक, खलाशी, उमेदवार कारागीर आणि नांगऱ्या पोरांसाठी आहे असं जाहीर केलं. चुकांची उदाहरणं त्यानं कुठून घेतली? राजाच्या भाषणांतून आणि मंत्र्यांच्या खलित्यांतून. नाम कोणतं, क्रियापद कोणतं, हे ओळखता येणं म्हणजे वरच्यांच्या वाक्यात शिरून ते तपासता येणं. चौकट सदोष होती, पण ती छापील होती, स्वस्त होती, आणि नांगऱ्याच्या पोरालाही पाठ करता येत होती.

ही चौकट मुंबईला आली तेव्हा तिच्यावर मरेचंच नाव होतं. १८१४ मध्ये मुंबईत जन्मलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर इंग्रजी शिकले ते याच वळणाच्या व्याकरणावर. परक्या भाषेचे नियम इतके नीट मांडता येतात, मग आपल्या भाषेचे का नाहीत, हा प्रश्न बुलोकरला लॅटिन पाहून पडला होता, तो अडीचशे वर्षांनी दादोबांना इंग्रजी पाहून पडला. १८३६ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केलं. 'निरुक्त'कार यास्कानं पदांचे चार प्रकार सांगितले होते, पाणिनीनं दोन वर्ग केले होते, हे शास्त्रीमंडळींना ठाऊकच होतं. शाळेत रुजली ती मात्र इंग्रजी वळणाची विभागणी. मरेच्या नऊ जातींतून आर्टिकल वजा करा, कारण ते मराठीत नाही. उरतात नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. आजही आपली मुलं याच आठ जाती पाठ करतात. आर्टिकल नसलेल्या लॅटिननं धडपडून पुरा केलेला आकडा आर्टिकल नसलेल्या मराठीत आपसूक जुळून आला.

वाद मात्र सुरू झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'शालापत्रका'तल्या निबंधांतून दादोबांच्या मांडणीची कसून झडती घेतली. पुढे मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा भला थोरला ग्रंथ काढला आणि आधीच्या सगळ्यांची मतं समोर ठेवून पुन्हा एकेक जात तपासली. अडचण जुनीच होती. इंग्रजीचं प्रीपोझिशन नामाच्या आधी सुटं उभं राहतं. मराठीत 'खाली' झाडाच्या मागून येतं, त्याच्या सामान्यरूपाला चिकटतं, 'झाडाखाली' असा एकच शब्द होतो. तेच 'खाली' 'तो खाली बसला' म्हटलं की क्रियाविशेषण होतं. आणि 'झाडाखालचा दगड', 'झाडाखालची माती' म्हणताना ते दगडाचं आणि मातीचं लिंग पाहून विशेषणासारखं बदलतं. त्याला आठांतल्या कोणत्या घरात ठेवायचं, यावर मराठीच्या वर्गात आजही दोन उत्तरं ऐकू येतात.